‘अवाँ गार्द’ म्हणजे काय गं बाई?

रविवारची पुरवणी वाचायला घेतली, की एखाद्या नाटकाच्या नाहीतर चित्रप्रदर्शनाच्या परीक्षणात हा शब्द भेटतोच. भातात खडा लागावा तसा. ‘अवाँ गार्द.’ कुणी ‘आव्हाँ गार्द’ छापतं, कुणी ‘अवांत गार्द’ असंही लिहून मोकळं होतं. आपण खडा काढून ताटाच्या कडेला ठेवतो आणि पुढचा घास घेतो. बी. ए.ला असताना आमचे सर हा शब्द फळ्यावर लिहायचे, त्याखाली ठळक रेघ मारायचे आणि ‘म्हणजे नवं, प्रायोगिक’ असं म्हणून पुढच्या मुद्द्यावर जायचे. परवा आमच्या महिला वाचनालयात एका मैत्रिणीनं मात्र सरळच विचारलं, “अगं, हे आहे तरी काय? खायचं की अंगाला लावायचं?” सगळ्याजणी हसल्या. पण प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याच्या मागं लागल्यावर जे हाती आलं ते आपल्या बायकांच्या चांगलंच कामाचं निघालं.

शब्द फ्रेंच. ‘अवाँ’ म्हणजे पुढे, आधी. ‘गार्द’ म्हणजे पहारा, राखण. आपल्या ओळखीचा ‘गार्ड’ तो हाच. दोन्ही मिळून झाली सैन्याची पुढची तुकडी. इंग्रजांनी हाच शब्द काही शतकांपूर्वी उचलला, वापरून वापरून झिजवला आणि त्याचा ‘व्हॅनगार्ड’ झाला. म्हणजे मुळात हा शब्द चित्राचा नाही, कवितेचा नाही. घोड्यांचा, तलवारींचा, धुळीचा आहे.

आणि आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही. मराठ्यांच्या फौजेत पुढच्या तुकडीला ‘बिनी’ म्हणत आणि मागची बाजू सांभाळणाऱ्या तुकडीला ‘चंदावल’. पेशवाईतल्या विसाजी कृष्ण बिनीवाल्यांच्या नावात ती बिनी अजून आहे. आपण सहज ‘बिनीचा शिलेदार’ म्हणतो, क्रिकेटच्या बातम्यांत ‘बिनीची जोडी’ असते. तीच ही बिनी! आता विचार करा, बिनीच्या लोकांचं काम काय? वाट बघायची, नदीला उतार कुठं आहे ते शोधायचं, पाण्याचा ठावठिकाणा काढायचा. आणि शत्रू झुडपाआड दबा धरून बसला असेल, तर पहिला घाव आपल्या अंगावर घ्यायचा. मागून मोठी फौज येते ती मळलेल्या वाटेनं. मानही बिनीचा आणि मारही बिनीलाच.

हा फौजी शब्द कलेत कसा शिरला? साल १८२५. फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन गेली होती, नेपोलियनच्या लढाया संपून दहा वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडी लढाईची भाषा होतीच. सेंट-सिमोन नावाचा एक सरदार घराण्यातला विचारवंत होता. राजे-उमरावांच्या ऐवजी काम करणाऱ्यांच्या हाती समाज असावा, असं तो मांडत असे. त्याच्या गोतावळ्यातून त्या वर्षी एक पुस्तक निघालं. त्यात एक संवाद आहे, कलावंत, शास्त्रज्ञ आणि उद्योजक यांच्यातला. तो ओलँद रोद्रिग या त्याच्या शिष्यानं लिहिल्याचं मानतात. हा शिष्य गणिती होता आणि बँकेच्या व्यवहारातलाही, बरं का! त्या संवादात कलावंत बाकीच्या दोघांना सांगतो, की तुमच्या पुढं आम्ही चालू, कारण नवा विचार लोकांपर्यंत सगळ्यात लवकर पोचवायची ताकद कलेत आहे.

म्हणजे बघा, अगदी सुरुवातीला ‘अवाँ गार्द’चा अर्थ ‘कुणाला न कळणारी कला’ असा नव्हताच. समाजाला पुढं नेणारी कला, असा होता. वस्त्यांमधून पथनाट्यं बसवून घेणारी बाई म्हणून सांगते, मला हाच अर्थ जास्त भावतो. दारूबंदीवर दोन तास भाषण केलं तर मागच्या रांगेतल्या बायका उठून जातात. वीस मिनिटांचं नाटक केलं तर त्या पोरांना हाक मारून बोलावून आणतात.

पुढं हा शब्द इतका बोकाळला, की १८६०च्या दशकात कवी बोदलेअरनं आपल्या खासगी टिपणांत त्याची टर उडवली. फ्रेंच माणसाला उठता बसता लष्करी उपमा लागतात, आणि ज्यांना अशा उपमा आवडतात ते स्वतंत्र वृत्तीचे नसून शिस्तीत चालणारे असतात, असा त्याचा टोमणा होता. टोमणा झोंबणारा आहे. बंडखोर म्हणवणाऱ्यांची पण एक पलटण होते, गणवेशासकट, हे आपण आपल्या आजूबाजूलाही पाहतो.

आता पॅरिसमधलं ‘सालों’ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सालों हे सरकारी कृपेखालचं मोठं चित्रप्रदर्शन. तिथं परीक्षकांनी चित्र घेतलं तर तुम्ही चित्रकार, नाही घेतलं तर बसा घरी. १८६३ साली परीक्षकांनी इतकी चित्रं नाकारली, की चित्रकारांनी आरडाओरडा केला. तेव्हा बादशहा तिसऱ्या नेपोलियननं सांगितलं, नाकारलेली चित्रंही मांडा, लोकच ठरवतील. ते ‘नाकारलेल्यांचं प्रदर्शन’ बघायला लोक लोटले, पण मुख्यतः खिदळायला. एद्वार मानेच्या एका चित्रावर तर गहजब झाला. त्यात कपडे घातलेले दोन पुरुष आणि त्यांच्याजवळ एक विवस्त्र बाई गवतावर बसली आहे. त्या बाईचं नाव व्हिक्तोरीन मरों. तिच्याकडं बघून लोक हसले, चिडले. पण पुढं ती स्वतःच चित्रकार झाली आणि १८७६च्या सालोंत तिनं काढलेलं स्वतःचं चित्र स्वीकारलं गेलं. त्याच वर्षी मानेची चित्रं मात्र नाकारली गेली होती! हे वाचून मी एकटीच हसले.

१८७४ साली काही चित्रकारांनी ठरवलं, की परीक्षकांच्या दारात उभंच राहायचं नाही. नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत त्यांनी आपलं आपण प्रदर्शन भरवलं. एका टीकाकारानं मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रावरून त्यांना चिडवायला ‘इंप्रेशनिस्ट’ म्हटलं आणि तेच नाव पुढं मानाचं झालं. मोने, रेन्वार, देगा ही नावं आपण कुठं ना कुठं ऐकलेली असतात. त्या पहिल्या प्रदर्शनात एक बाईही होती, बेर्त मोरिझो.

हिच्याशी मी जरा थांबणार आहे. कारण बाकीच्या काही जणांना सालोंनं धक्के मारले होते, पण बेर्तचं तसं नव्हतं. १८६४ पासून तिची चित्रं सालोंत लागत होती. तिच्यापुढं मळलेली वाट होती आणि ती सोडून ही बिनीवर गेली. घरंदाज कुटुंबातल्या मुलीनं असं करावं? तिला आणि तिची बहीण एद्मा हिला शिकवणाऱ्या गुरुजींनी फार पूर्वीच आईला सावध केलं होतं, की या मुलींचा पिंड बघता त्या नुसत्या हौशी राहणार नाहीत, खरोखरच्या चित्रकार होतील, आणि तुमच्या समाजात त्यानं हाहाकार होईल. १८७४चं प्रदर्शन पाहिल्यावर त्याच गुरुजींनी आईला पत्र लिहून मुलीला या वेड्यांच्या संगतीतून बाहेर काढायला सांगितलं. बेर्त बाहेर पडली नाही. त्या मंडळींची आठ प्रदर्शनं झाली, त्यांतल्या सातांत ती होती. एक हुकलं ते १८७९चं, मुलगी नुकतीच झाली होती म्हणून.

आणि एद्मा? तीही बेर्तच्या तोडीची मानली जायची. १८६९ साली नौदलातल्या अधिकाऱ्याशी तिचं लग्न झालं आणि चित्रं थांबली. १८७४च्या प्रदर्शनात बेर्तनं मांडलेल्या ‘पाळणा’ या चित्रात जाळीच्या पडद्याआड झोपलेल्या बाळाकडं बघत बसलेली आई आहे ना, ती एद्माच. एक बहीण चित्र काढते आहे, दुसरी चित्रात बसली आहे. हे चित्र तेव्हा विकलं गेलं नाही, घरातच राहिलं. १९३० साली ते लूव्र या मोठ्या संग्रहालयानं घेतलं आणि आता पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे. त्याचं छापील चित्र बघताना मला त्या आईच्या चेहऱ्यावरची माया दिसते तशी थकव्याची छटाही दिसते. गालाला हात लावून बसणं आपल्याला नवीन का आहे?

टीकाकार म्हणायचे, हिची चित्रं ‘बायकी’ आहेत: पाळणे, बागा, आरशापुढच्या बायका. अहो, पण बाईनं जायचं कुठं? सरकारी कलाशाळेचं दार मुलींना १८९७ साली उघडलं. पुरुष चित्रकार ज्या कॅफेंत बसून वाद घालायचे तिथं घरंदाज बाईनं बसायचं नाही. मग राहिलं घर. तिनं त्या घरालाच बिनीवर नेलं. १८९५ साली, आजारी लेकीची शुश्रूषा करता करता स्वतः आजारी पडून, वयाच्या ५४व्या वर्षी ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या नावापुढं लिहिलं गेलं, ‘व्यवसाय नाही’.

शेकडो चित्रं काढलेली बाई! आपल्याकडं २०११च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका ‘काम न करणाऱ्यां’त धरल्या गेल्या, तेव्हा बेर्तची आठवण काढायला हरकत नाही.

विसाव्या शतकात तर अवाँ गार्दवाल्यांची झुंबड उडाली. रोज नवा जाहीरनामा, रोज नवी फळी. १९०९ साली इटलीच्या मारिनेत्तीनं पॅरिसच्या ‘ल फिगारो’त जाहीरनामा छापून आणला. त्यात वेगाचा गौरव होता, युद्धाचा गौरव होता आणि, मैत्रिणींनो, स्त्रीच्या तिरस्काराचाही गौरव होता. फौजी शब्द घेतला की फौजेचे रोगही मागं येतात ते असे. १९१३ साली स्त्राविन्स्कीच्या संगीतावरच्या बॅलेत प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला, की नाचणाऱ्यांना वाद्यं ऐकू येईनात. १९१७ साली न्यूयॉर्कला मार्सेल द्युशाँनं पुरुषांच्या मुतारीतलं भांडं विकत आणलं, त्यावर खोटी सही केली आणि प्रदर्शनाला पाठवलं. पैसे भरेल त्या प्रत्येकाची कलाकृती लावू, असा संयोजकांचा नियम होता. तरी ते भांडं काही मांडलं गेलं नाही! अनेकांना ही थट्टा थोर वाटते. मला ती एकदा हसण्यापुरती वाटते. पण ‘कला कोणती हे ठरवणारे तुम्ही कोण?’ हा त्यामागचा प्रश्न खरा आहे.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये हाना ह्योख नावाची तरुणी एका प्रकाशनसंस्थेत नोकरी करत होती. काम काय, तर बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे, विणकामाचे, लेसचे नमुने तयार करणं. आपण ज्या पानावरून स्वेटरचा नमुना उतरवून घेतो ना, तसं पान. १९१८ साली तिनं बायकांना उद्देशून एक लेख लिहिला, की भरतकाम चित्रकलेच्या नात्यातलं आहे, ते काळाबरोबर बदलतं, तेव्हा सुईदोरा हातात घेताना तुम्ही तुमच्या काळाची नोंद करता आहात याचं भान ठेवा.

ही हाना ‘दादा’ नावाच्या बंडखोर टोळक्यात होती. १९२० साली त्यांनी बर्लिनला मोठं प्रदर्शन भरवलं. तिच्या चित्राला टोळक्यातल्याच दोघा नावाजलेल्या पुरुषांचा विरोध होता. तिचा जोडीदार राऊल हाउसमान, ‘मग मीही माझी चित्रं काढून घेतो’ म्हणून अडून बसला, तेव्हा कुठं तिला जागा मिळाली. मासिकं-वर्तमानपत्रांतले फोटो कापून, चिकटवून तिनं हे चित्र केलं होतं. नाव लांबलचक आहे, पण त्याची सुरुवात होते ‘स्वयंपाकघरातल्या सुरीनं दिलेला काप’ अशी. पुढारी, सेनापती, नर्तकी, यंत्रांची चाकं असा सगळा देश तिनं त्या सुरीनं चिरलाय, आणि एका कोपऱ्यात युरोपातल्या ज्या देशांत बायकांना मत मिळालं त्यांचा छोटा नकाशा चिकटवलाय. त्याच्याजवळ तिचा स्वतःचा इवलासा चेहरा. जर्मनीत बायकांनी आदल्याच वर्षी, १९१९ला, पहिल्यांदा मत दिलं होतं.

हे चित्र आज बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण त्या टोळक्यातल्या हान्स रिश्टरनं पुढं आठवणी लिहिल्या तेव्हा हानाबद्दल त्याला काय आठवलं? पैशाची चणचण असतानाही ती कुठून तरी सँडविच, बिअर आणि कॉफी पुढं करायची, हे! क्रांतीच्या बैठकीतही चहा कुणी टाकायचा हे ठरलेलंच, नाही का? हानानं यावर एक तिरकस गोष्ट लिहिली आहे. त्यात एक थोर चित्रकार आहे आणि चार वर्षांत चार वेळा बायकोनं भांडी घासायला लावली म्हणून त्याला केवढं दुःख झालंय! बर्लिनमध्ये तेव्हा किती जण हसले असतील कोण जाणे, मी ही गोष्ट भिशीत सांगितली तर पाच मिनिटं कुणी थांबेना.

आता गोधडी.

सोनिया दलोने ही मूळची युक्रेनमधली, पॅरिसला स्थायिक झालेली चित्रकार. १९११ साली तिला मुलगा झाला. बाळासाठी तिनं कापडाचे रंगीत तुकडे जोडून पांघरूण शिवलं, तिकडच्या शेतकरी बायका शिवत तसं. शिवून झाल्यावर तिच्या आणि तिच्या मित्रांच्या लक्षात आलं, की तेव्हा पॅरिसमध्ये ज्या नव्या चित्रशैलीचा बोलबाला होता, वस्तूंचे कोनाकोनांचे तुकडे करणारी, तेच इथं झालंय. तिथून तिनं आणि तिचा नवरा रोबेर यानं रंगांच्या तुकड्यांची चित्रं काढायला घेतली. पुढं सोनियानं तेच रंग झग्यांवर, उशांवर, पडद्यांवर, अगदी मोटारीवरसुद्धा आणले. रशियात १९१७ला क्रांती झाली आणि माहेरच्या मालमत्तेचं उत्पन्न बंद झालं, तेव्हा तिनं माद्रिदमध्ये दुकान काढलं आणि घर चालवलं. पुस्तकांत बरीच वर्षं आधी रोबेर, मग ‘त्याची पत्नी’ असंच असायचं. १९६४ साली तिच्या चित्रांचं प्रदर्शन लूव्रमध्ये झालं. हयातीत तिथं असं प्रदर्शन झालेली ती पहिली बाई. बाळाचं ते पांघरूण आज पॅरिसच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हे सगळं मी का इतकं उगाळतेय? तर दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एका संस्थेनं कलाप्रदर्शन भरवलं होतं. आमच्या बचत गटातल्या एका मावशींची गोधडी आम्ही घेऊन गेलो. मावशी साठीच्या पुढच्या. जुन्या लुगड्यांचे, परकरांचे तुकडे, बारीक धावदोरा, आणि नक्षी अशी की एक चौकट दुसरीसारखी नाही. कुठल्या पुस्तकातून घेतली म्हणाल तर मावशींना अक्षरओळख नाही. संयोजकांनी गोधडी हातात घेऊन पाहिली, कौतुक केलं आणि सांगितलं, “छान आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवा.” बाहेरचं टेबल म्हणजे पापड-लोणच्याचं. आत दिवाणखान्यात फ्रेममधली चित्रं, त्यांतली निम्मी कॅलेंडरवरून उतरवलेली. मावशी काही बोलल्या नाहीत. गोधडी दोन दिवस लोणच्याच्या बरण्यांशेजारी होती आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर तेलाचा डाग होता.

मावशींना ‘अवाँ गार्द’ म्हणावं असं माझं म्हणणं नाही. तो शब्द त्यांच्या काय कामाचा? आणि आता त्या शब्दाचीही रया गेलीय. बिनीची तुकडी जिथं पोचते तिथं मागची फौज आज ना उद्या येतेच. मोनेची कमळं आता दाताच्या डॉक्टरांकडं भिंतीवर असतात. द्युशाँचं मूळ भांडं हरवलं, तर १९६४ साली त्याच्या संमतीनं नव्यानं नमुने तयार झाले आणि ते मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड बसले. अत्तरांच्या, सलूनच्या जाहिरातीतही हा शब्द दिसतो. मराठीत आपण नाटकापुरता ‘प्रायोगिक’ हा शब्द रुळवला. १९६० साली मुंबईत ‘रंगायन’ सुरू झालं तेव्हा तिथं बिनीवर विजया मेहता होत्या, हे मात्र विसरू नका.

त्या संस्थेचं प्रदर्शन यंदा पुन्हा आहे. मावशींची नवी गोधडी तयार आहे. अर्जात कलाप्रकाराचा रकाना आहे. त्यात ‘चित्र’ आणि माध्यमापुढं ‘कापड व दोरा’ असं आम्ही लिहिलं. मावशींचा अंगठा घेताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी त्यांनी मला विचारलं, “इथं काय लिवलंस गं?” मी वाचून दाखवलं, “चित्रकार.” त्या म्हणाल्या, “आन् शेतातलं बी लिव की. खुरपणीला काय तू जातीस व्हय?” मग तेही लिहिलं.